भाडं मैलाचं नव्हे, दिवसाचं

गोदाम शिकागोच्या उपनगरात आणि गिऱ्हाईक इंडियानापोलिसला. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये किराणा, यंत्रांचे सुटे भाग किंवा पॅकिंगचं सामान विकणाऱ्याच्या वाट्याला हा मार्ग कधी ना कधी येतोच. आय-६५ महामार्गाने अंतर सुमारे १८० मैल, म्हणजे २९० किलोमीटर. रस्ता सपाट आणि सरळ, दोन्हीकडे मका नि सोयाबीन, मध्येच पवनचक्क्यांचं रान. इतक्या साध्या प्रवासाबद्दलही भलत्याच समजुती घट्ट बसलेल्या आहेत, आणि त्या खिशाला जड पडतात.

गैरसमज: अंतर कमी, म्हणजे भाडं स्वस्त

हिशेब असा मांडला जातो. अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये ट्रक चालवण्याचा सरासरी खर्च मैलामागे २.२७ डॉलर होता. १८० मैलांचे झाले ४०९ डॉलर. मग ट्रकवाला त्याच्या बराच वर आकडा का सांगतो? लुबाडतोय, दुसरं काय!

लुबाडत नाही. ती सरासरी आहे, आणि मैल कमी झाले म्हणून ट्रकचा हप्ता, विमा किंवा ड्रायव्हरचा रोज कमी होत नाही. खरी मेख आहे ती कामाच्या तासांच्या नियमात. सलग १० तास विश्रांती घेऊन ड्रायव्हर कामावर आला की त्याच्यापुढे १४ तास असतात. त्यांतले जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, आणि ८ तास चालवल्यावर अर्धा तास थांबावंच लागतं. तुमच्या गोदामाच्या दारात तो रांगेत ताटकळत असला, तरी हे १४ तास सरतच असतात. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांना इंजिनाशी जोडलेलं इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचं झालं. त्यामुळे वहीतले तास इकडचे तिकडे करायची जुनी सोयही गेली.

आता मोजा. शिकागोत माल भरायला दोन तास, रस्त्यावर साडेतीन, उतरवायला दोन, परतायला साडेतीन. अकरा तास झाले. उरलेल्या तीन तासांत दुसरी फेरी बसत नाही. तुमच्या १८० मैलांपायी ट्रकवाल्याचा अख्खा दिवस गेला, आणि तो पैसे मागतो ते त्या दिवसाचे. एवढं ध्यानात घेतलं की कोटेशनमधले बाकीचे आकडेही आपोआप कळू लागतात. डॉकवर थांबायला साधारण दोन तास फुकट आणि पुढे तासावर आकार, ही पद्धत त्यातूनच आली. डिझेलसाठी वेगळा अधिभार लावला जातो, तोही बहुधा सरकारी ऊर्जा माहिती प्रशासन दर आठवड्याला जाहीर करतं त्या सरासरी दराला बांधलेला असतो.

म्हणून भाव करण्यात तासभर घालवण्यापेक्षा माल वेळेवर तयार ठेवा आणि भरायची वेळ थोडी सैल ठेवा. त्यात जास्त पैसे वाचतात. ज्या गोदामात ट्रक चार-चार तास अडकतो त्याचं नाव ड्रायव्हरमंडळींत पसरतं, आणि पुढच्या वेळी आकडा चढलेला असतो.

जाता जाता एक खाचखळगा. शिकागो सेंट्रल वेळेवर चालतं, इंडियानापोलिस ईस्टर्न वेळेवर. आय-६५ वर जॅस्पर काउंटी संपून व्हाइट काउंटी लागली की घड्याळ एक तास पुढे जातं. सकाळी आठला निघालेला ट्रक साडेतीन तासांत पोचला, तरी तिथे साडेबारा वाजलेले असतात. माल उतरवण्याची वेळ नेहमी तिथल्या घड्याळाप्रमाणे दिलेली असते. बाराची वेळ ठरवून बसलात, तर ट्रक निघण्याआधीच तुम्ही चुकलात.

गैरसमज: ट्रक रिकामा परतणारच आहे, स्वस्तात नेईल

आपल्याकडच्या परतीच्या भाड्याची ही सवय. ती अगदी खोटी नाही. दर दोन्ही बाजूंच्या मागणीवर ठरतो आणि परतीच्या दिशेला तो कधी कधी खरोखर पडतो. पण इंडियानापोलिस काही आडगाव नव्हे. ‘अमेरिकेचा चौरस्ता’ हे इंडियाना राज्याचं १९३७ पासूनचं ब्रीदवाक्य आहे, फेडेक्सचं देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं केंद्र तिथल्या विमानतळावर आहे, आणि शहराभोवती गोदामांचा वेढा आहे. तिथे मोकळा झालेला ट्रक तुमच्यासाठी अडून राहत नाही.

‘सरकारने ठरवलेला दर’ शोधणारेही भेटतात. तो जमाना १ जुलै १९८० रोजी संपला. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी मोटर कॅरिअर कायद्यावर सही केली. त्याआधी कोणी कुठल्या मार्गावर कुठला माल न्यावा हे इंटरस्टेट कॉमर्स कमिशनच्या परवान्यावर लिहिलेलं असे. परतीचा माल दारात पडलेला असूनही परवान्यात बसत नाही म्हणून ट्रक रिकामे धावत. आज दर बाजार ठरवतो.

गैरसमज: वजन जास्त, तर भाडं जास्त

आख्खा ट्रक घेतलात तर वजनाचा प्रश्न फक्त मर्यादेपुरता. आंतरराज्य महामार्गावर ट्रक, ट्रेलर आणि माल मिळून ८०,००० पौंडांची मर्यादा आहे. त्यातून गाडीचं वजन वजा जाता मालाला साधारण ४४,००० पौंड उरतात, म्हणजे सुमारे २० टन. ५३ फुटी ट्रेलरमध्ये ४८ बाय ४० इंचांची २६ पॅलेटं सरळ मांडून बसतात. त्यावर दहा टन ठेवा की वीस, ट्रकचा दिवस तेवढाच जातो.

पार्ट लोडचं, म्हणजे तिथल्या एलटीएलचं, गणित निराळं आहे. दोन-चार पॅलेटंच पाठवायची असतील, तर ट्रकमधली जागा इतरांबरोबर वाटून घ्यायची आणि तेवढ्याचेच पैसे द्यायचे. इथे ५० पासून ५०० पर्यंत मालाचे अठरा वर्ग आहेत, आणि वर्ग ठरवताना सर्वांत मोठा वाटा घनतेचा. समजा, ४८ इंच उंचीपर्यंत रचलेलं तूरडाळीचं एक पॅलेट आहे. त्याचा आकार सुमारे ५३ घनफूट आणि वजन २,००० पौंड. त्याच आकाराचं कुरमुऱ्यांचं पॅलेट २५० पौंड भरेल. डाळीची घनता घनफुटाला ३७ पौंडांच्या आसपास येते, कुरमुऱ्यांची पाचाच्याही आत. कुरमुऱ्यांचा वर्ग वरचा लागतो आणि दर पौंडामागचं भाडं कितीतरी जास्त पडतं, कारण हवा वाहून न्यायलाही जागा लागतेच. माप अंदाजाने लिहून देणारे इथेच फसतात. एलटीएल कंपन्या टर्मिनलवर माल पुन्हा मोजतात आणि फरकाचं बिल मागाहून येतं. पॅलेटसकट लांबी, रुंदी, उंची टेपने मोजा आणि तीच लिहा.

पार्ट लोडला आठवडा लागतो असंही मानतात. लांबच्या प्रवासात दिवस वाढतात हे खरं, पण या मार्गावर नाही. दुपारी उचललेला माल रात्री टर्मिनलवर गाडी बदलून निघतो आणि साधारण दुसऱ्या दिवशी पोचतो.

गैरसमज: रेल्वेने स्वस्त पडेल

देशातल्या रेल्वे मालवाहतुकीचा जवळपास चौथा हिस्सा शिकागोतून जातो, म्हणून हा विचार सुचतो. पण कंटेनर यार्डापर्यंत न्यायला ट्रक लागतो आणि पलीकडे उतरवून घ्यायलाही ट्रकच. १८० मैलांत एवढ्या उठाठेवीत ट्रक कधीच पोचलेला असतो. रेल्वेचा फायदा साधारण पाचशे मैलांच्या पुढे दिसू लागतो.

गैरसमज: ब्रोकर म्हणजे फुकटचा दलाल

दहातल्या नऊंहून अधिक ट्रक कंपन्यांकडे दहा किंवा त्याहून कमी गाड्या आहेत. शिकागोभोवती पूर्व युरोपातून आलेले, इंडियानात पंजाबी शीख, असे कितीतरी मालक स्वतःच गाडी चालवतात. त्यांना तुम्ही आणि तुम्हाला ते कुठे शोधणार? ती गाठ ब्रोकर घालून देतो. मिनेसोटातली सी. एच. रॉबिन्सन ही १९०५ साली सुरू झालेली कंपनी याच धंद्यावर मोठी झाली.

मात्र ब्रोकर माल वाहत नाही, आणि मालाची कायदेशीर जबाबदारी सहसा त्याच्यावर येत नाही. कायद्याने त्याला ७५,००० डॉलरचा बाँड ठेवावा लागतो. बुडणाऱ्या ब्रोकरच्या देण्यांपुढे ही रक्कम किरकोळ ठरू शकते. धोका आहे तो वेगळाच: एकाने घेतलेलं काम तुम्हाला न सांगता दुसऱ्याच्या गळ्यात मारलं जातं. माल गायब होतो, किंवा अनोळखी ट्रकवाला भाडं मागत तुमच्या दारात उभा राहतो. यावर उपाय साधा. प्रत्येक ट्रकवर कंपनीचं नाव आणि यूएसडॉट क्रमांक रंगवलेला असतो. माल भरण्याआधी तो कागदाशी ताडून पाहा, आणि संघीय मोटर कॅरिअर सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर परवाना चालू आहे का तेही बघा.

गैरसमज: ट्रकचा विमा आहे, म्हणजे माल सुरक्षित

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. साधारण माल वाहणाऱ्या आंतरराज्य ट्रकला किमान साडेसात लाख डॉलरचा विमा सक्तीचा आहे, पण तो अपघातात इतरांना झालेल्या इजेसाठी आणि नुकसानीसाठी. साध्या व्यापारी मालाच्या विम्याची संघीय सक्ती २०११ मध्ये उठली. आता तो किती रकमेचा आहे आणि त्यात काय वगळलंय, हे विचारणं तुमचं काम.

तुमचा खरा आधार आहे १९०६ ची कार्मॅक दुरुस्ती. धड दिलेला माल मोडका पोचला, तर हलगर्जी सिद्ध न करताही वाहतूकदार जबाबदार धरला जातो. पळवाटा मोजक्या: दैवी आपत्ती, शत्रूची कृती, सरकारी कारवाई, मालाचा मूळचाच दोष आणि पाठवणाऱ्याची चूक. ढिलं पॅकिंग शेवटच्या खात्यात जातं. शिवाय एलटीएल कंपन्या करारातच भरपाईला पौंडामागे मर्यादा घालतात, त्यामुळे हजार डॉलरच्या यंत्राचे हातात शंभरही पडतील याची खात्री नाही. माल महागाचा असेल तर स्वतःचा वेगळा विमा घ्या.

इंडियानापोलिसला माल उतरवून घेणाऱ्यालाही एक गोष्ट बजावून ठेवा. फाटलेलं वेष्टन, दबलेला कोपरा, कमी भरलेली पेटी, जे दिसेल ते पोचपावतीवर सहीच्या आधी लिहायचं आणि फोटो काढायचे. आतलं नुकसान नंतर सापडलं, तर एलटीएल मालासाठी पाच कामाच्या दिवसांत कळवायचं. लेखी दाव्यासाठी वाहतूकदाराला किमान नऊ महिने द्यावेच लागतात, पण पावतीवर ‘माल ठीक’ अशी सही झाली असेल तर त्या नऊ महिन्यांचा फारसा उपयोग होत नाही.