मेणातला प्रकाश

क्षणापुरता पडलेला उजेड चित्रकाराला रंगाच्या तुटक फटकाऱ्यांनी पकडता येतो. परंतु ज्याच्या हाती जड द्रव्यच आहे त्या शिल्पकाराने तो कसा पकडावा, या प्रश्नाचा सर्वांत हट्टी पाठपुरावा इटलीच्या मेदार्दो रोस्सोने (१८५८–१९२८) केला. प्लास्टरच्या गाभ्यावर तो मेणाचा थर चढवी. मेण अर्धपारदर्शक असल्यामुळे प्रकाश पृष्ठभागावरून परतण्याऐवजी किंचित आत झिरपतो, आणि गाल कोठे संपला व हवा कोठे सुरू झाली, याची हद्द सांगता येत नाही. १९०६ च्या ‘एक्के पुएर’ या बालमुखावर तर डोळे आणि ओठ उभ्या ओघळांत जवळजवळ विरून गेले आहेत. शिल्पाभोवती प्रदक्षिणा घालण्याचा रिवाज त्याला नामंजूर होता. चित्राप्रमाणे शिल्पही एकाच जागेवरून पाहावे, असा त्याचा आग्रह असे, आणि आपल्या कृतींची छायाचित्रेही तो स्वतःच घेई.

चित्रकार देगाने १८८१ च्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात मांडलेली चौदा वर्षांची नर्तिकाही मेणाचीच. पण खरा कापडी झगा, फीत आणि केसांचा टोप ल्यालेल्या त्या मुलीचे नाते, आमच्या मते, प्रकाशापेक्षा वास्तववादाशी निकटचे.

शिल्पकार रोदँच्या ‘बाल्झाक’ची कैफियत निराळी. १८९८ मध्ये तो पुतळा प्रदर्शित होताच ज्या साहित्यिक संस्थेने तो घडवावयास सांगितला होता तिनेच तो नाकारला. इकडे रोस्सोच्या पक्षपात्यांनी मात्र त्या पुतळ्याच्या कलत्या, ढोबळ आकारात रोस्सोकडून केलेली उसनवारी असल्याची तक्रार मांडली, आणि परस्परांना आपापल्या कृती भेट देणाऱ्या या दोन शिल्पकारांचा स्नेह त्या वादात संपुष्टात आला.