कासिमिउतचा पाद्री, ग्रीनलंडचा पंतप्रधान

नकाशावर ग्रीनलंड पांढरंशुभ्र दिसतं. मला मात्र ते पाहिलं की योनाथन मोट्झफेल्ट आठवतात. १९३८ साली दक्षिणेकडच्या कासिमिउत या चिमुकल्या वस्तीत जन्मलेला हा माणूस आधी लुथेरन चर्चचा पाद्री होता. १९७७ मध्ये सोबत्यांसह त्यांनी ‘सिउमुत’ पक्ष स्थापला. सिउमुत म्हणजे ‘पुढे’.

१ मे १९७९ रोजी डेन्मार्ककडून अंतर्गत स्वराज्य मिळालं आणि ते पहिले पंतप्रधान झाले. त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न होता माशांचा. १९७२ च्या कौलात ग्रीनलंडच्या लोकांनी युरोपीय आर्थिक समुदाय नाकारला होता, तरी डेन्मार्कसोबत त्यांना त्यात जावं लागलं. मग आपल्या समुद्रातल्या मासेमारीचे नियम ठरू लागले दूर ब्रसेल्समध्ये! १९८२ मध्ये पुन्हा कौल झाला, आणि १९८५ मध्ये ग्रीनलंड बाहेर पडलं. जेमतेम अर्धा लाख माणसांनी हे घडवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१९९१ मध्ये पद गेलं, १९९७ मध्ये परत मिळालं. २००९ ची व्यापक स्वायत्तता पाहूनच, २०१० मध्ये, त्यांनी डोळे मिटले.