नवे छप्पर घालताना सौर विजेचा विचार

मोहोळ तालुक्यातील जुनी घरे बहुतांशी माळवदाची होत. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर सर व फळ्या, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर, अशी ही बांधणी असते. वैशाखातही अशा घरात गारवा राहतो, हा तिचा मोठा गुण होय. तथापि गळती थांबविण्यासाठी पावसाळ्यापूर्वी वरचेवर मातीची भर घालावी लागते. अशी भर पडतापडता थराची जाडी दीड-दोन फुटांवर जाते, आणि खाली तुळयांना वाळवी लागलेली असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत जी हजारो माणसे दगावली, त्यांतील पुष्कळ जण मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि असली अवजड छपरे यांखालीच गाडली गेली. तेव्हापासून या भागातही माळवद उतरवून पत्रा किंवा स्लॅब घालण्याकडे लोकांचा कल वाढत गेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीस महापूर आला, त्या वेळी नदीकाठच्या गावांतील अनेक घरांच्या भिंती भिजून खचल्या. तेथील कुटुंबांपुढे नव्या छपराचा प्रश्न आता सवडीचा राहिलेला नाही.

छपरासाठी पैसा काढावयाचाच, तर त्याबरोबर सौर पॅनेल, म्हणजे खेड्यात ज्यांना सोलरच्या प्लेटा म्हणतात त्या, बसवून घ्याव्यात काय, असा प्रश्न शेतकरी बंधू आम्हांस वारंवार विचारतात. शेतीपंपासाठी शासनाच्या योजनेतून मिळणारे सौर पंप अनेकांनी पाहिलेले असतात. पंपाचे पॅनेल घरासही चालेल, अशी काहींची समजूत दिसते. ती दोन निराळी प्रकरणे आहेत. पंपाची योजना शेतातील पाण्यासाठी असते. येथे विचार करावयाचा आहे तो फक्त घराच्या विजेचा.

उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चांगल्या पॅनेलच्या वीजनिर्मितीची हमी साधारणतः २५ वर्षांची असते. सबब ज्या छपरावर ते बसवावयाचे, तेही २५ वर्षे टिकणारे असले पाहिजे. दहा वर्षांत छप्पर बदलावे लागले, तर पॅनेल, सांगाडा व तारा उतरवून पुन्हा चढविण्याचा खर्च अंगावर पडतो. जुन्या छपरावर घाईने पॅनेल बसविणे म्हणूनच तोट्याचे ठरते. याउलट नवे छप्पर घातले जात असताना पॅनेलची पूर्वतयारी फारच थोड्या खर्चात होते. पॅनेल आज घ्यावयाचे की तीन वर्षांनी, हा प्रश्न वेगळा ठेवता येतो. तयारी मात्र स्लॅब ओतण्यापूर्वीच झाली पाहिजे.

माळवदावर पॅनेल बसविता येईल काय, असेही विचारले जाते. वजनाची अडचण म्हणावी तर ती नाही. दीड फूट मातीच्या थराचे वजन एका चौरस मीटरला ७०० किलोच्या घरात जाते. पॅनेल व सांगाडा मिळून तेवढ्याच जागेत १५ ते २० किलोंच्या आसपास भरतात. परंतु मातीत बोल्ट धरत नाही, दर पावसाळ्यापूर्वी पॅनेलखाली भर घालता येत नाही, आणि ज्या तुळया आधीच थकल्या आहेत त्यांचा भरवसा कोणी द्यावा? सिमेंटच्या पत्र्यांविषयीही आमचे मत प्रतिकूल आहे. ते ठिसूळ असतात. पॅनेल पुसावयास चढलेल्या माणसाचा पाय पत्र्यातून खाली जाण्याचा धोका असतो.

लोखंडी पत्र्याचे छप्पर घालावयाचे असेल, तर पॅनेलचे सर्व लक्ष वाऱ्याकडे द्यावे. वळवाच्या वावटळीत पत्रे उडून शेजारच्या रानात पडलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि पत्र्यावर दगड ठेवण्याची चालही त्यातूनच आली आहे. पॅनेलखाली वारा शिरला की तो पॅनेल वर उचलू पाहतो. पॅनेल नुसत्या पत्र्यास अडकविले असल्यास ते पत्र्यासह जाईल. म्हणून त्याची पकड पत्र्याखालील लोखंडी अँगलपर्यंत, आणि अँगलची पकड भिंतीपर्यंत गेली पाहिजे. जेथे बोल्ट पत्र्यातून जातो तेथे रबरी वायसर चांगल्या प्रतीचा घालावा. पॅनेल व पत्रा यांत वीतभर अंतर सोडावे. पॅनेलची क्षमता पेशी २५ अंश सेल्सियस तपमानास असताना मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशास सुमारे ०.३५ टक्का वीज कमी होते. मे महिन्यात दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर सुमारे सातवा भाग वीज उष्णतेपायी जाते. खालून वारा खेळता राहिल्यास हा तोटा काहीसा घटतो, आणि पॅनेलच्या सावलीमुळे पत्र्याखालची खोलीही थोडी कमी तापते. पत्र्याऐवजी पॅनेलचेच छप्पर करावे, अशीही कल्पना निघते. गोठ्याच्या किंवा अंगणातील मांडवाच्या बाबतीत ती वाईट नाही. राहत्या घरावर मात्र सांध्यांतून पाणी गळण्याचा त्रास सोसावा लागेल.

स्लॅबचे छप्पर या कामास सर्वांत उत्तम. पण तेथेही आपल्याकडची एक सवय आड येते. पुढे माळा चढवावयाचा म्हणून खांबांच्या सळया वर काढून ठेवण्याची पद्धत आहे, आणि त्या सळया वीस-वीस वर्षे गंजत उभ्या असलेल्या दिसतात. माळा खरोखरच पाच वर्षांत चढणार असेल, तर पॅनेल थांबवावे. चढणार नसेल, तर त्याच खांबांच्या डोक्यावर फूटभर उंचीचे काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत बोल्ट बसवून घ्यावेत. तयार स्लॅबला नंतर भोके पाडणे म्हणजे गळतीस आमंत्रण होय. त्याच वेळी तारांसाठी एक नळी भिंतीतून खाली सोडावी व घराच्या बाजूस अर्थिंगच्या खड्ड्यांची जागा राखावी. सांगाडा किती उंच करावयाचा, हे घरातील स्त्रियांस विचारूनच ठरवावे. मिरच्या, कुरडया, सांडगे वाळविणे आणि उन्हाळ्यात रात्री निजणे, ही सर्व कामे याच गच्चीवर चालतात. डोक्याएवढा उंच सांगाडा केल्यास खालची जागा मोकळी राहते. मात्र त्यास वारा अधिक लागतो, म्हणून त्याचे पाय जाड घ्यावे लागतात व खर्च वाढतो.

पॅनेलचे तोंड दक्षिणेस असावे. मोहोळचे अक्षांश १८ च्या जवळ असल्याने उतारही साधारण तितक्याच अंशांचा ठेवतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा दक्षिणेच्या कठड्याची किंवा दारच्या कडुनिंबाची सावली पॅनेलवर येते काय, ते आधी पाहावे. एका कोपऱ्यावरील सावलीही संपूर्ण ओळीची वीज कमी करू शकते.

आता पैशाचा विचार. एक किलोवॅटच्या संचास सुमारे १०० चौरस फूट जागा लागते व त्यापासून महिन्यास सरासरी १०० ते १२० युनिट वीज मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये केंद्र शासनाचे अनुदान ठरविले आहे. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. महिन्यास १०० युनिटांहून कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये जादा अनुदानाची योजना काढली, आणि त्याच वर्षी घरकुलाच्या अनुदानात केलेल्या वाढीतील काही भाग सौर संचासाठी राखला. ज्यांचे छप्पर घरकुलातून होत आहे त्यांनी ग्रामसेवकाकडे याची चौकशी अवश्य करावी.

अनुदानाच्या आकड्यावर मात्र निर्णय घेऊ नये. मागील बारा महिन्यांची बिले समोर घ्यावीत. समजा, एका घराचा वापर महिन्यास २०० युनिट आहे, आणि दोन किलोवॅटचा संच १,२०,००० रुपयांस पडला. अनुदान वजा जाता ६०,००० रुपये पदरचे घालावे लागतील. बिलात महिन्यास १,५०० रुपये वाचले, तर ही रक्कम साडेतीन वर्षांच्या आत वसूल होते. आता दुसरे घर घ्या. दोन-चार दिवे, पंखा आणि दूरदर्शन संच. वापर ६० युनिट. एक किलोवॅटचा संच ६०,००० रुपयांस घेऊन अनुदानानंतर ३०,००० रुपये घातले आणि महिन्यास ४०० रुपये वाचले, तर वसुलीस सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. राज्याचे जादा अनुदान मिळाल्यास तो कमी होईल. १०० युनिटांपुढील विजेचा दर चढा असल्याने अधिक वापराच्या घरास लाभ अधिक, हे येथे दिसून येते. स्थिर आकार दोन्ही घरांस द्यावाच लागतो. वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांस मिळणारा दरही आपण भरतो त्या दराहून पुष्कळ कमी असतो. तेव्हा गरजेपेक्षा मोठा संच घेऊन वीज विकण्याच्या भरीस पडू नये. ज्यांचे पीककर्ज थकले आहे किंवा पुरात वाहिलेली जमीन अजून दुरुस्त व्हावयाची आहे, त्यांनी आज छप्पर पक्के करावे, बोल्ट व नळी सोडून ठेवावी, आणि पॅनेल एखाद्या बऱ्या हंगामानंतर घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वस्तीवर राहणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची खातरजमा केली पाहिजे. साधा सौर संच महावितरणच्या वाहिनीस जोडलेला असतो, आणि वाहिनीतील वीज गेली की तोही आपोआप बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या माणसास धक्का बसू नये, यासाठी ही योजना केलेली असते. त्यामुळे भर उन्हातही वीज नसेल तर घरातील पंखा फिरणार नाही! गावठाणात याचा फारसा त्रास नाही. परंतु आपल्या भागात पुष्कळ कुटुंबे शेतातील वस्तीवर राहतात, आणि काही वस्त्यांचे घरगुती कनेक्शन शेतीपंपांच्या वाहिनीवर असते. तेथे दिवसाचे ठरावीक तासच पुरवठा असल्यास उरलेल्या तासांचे ऊन वाया जाते. अशा घरांस बॅटरीचा संच लागतो. बॅटरीच्या खर्चास वेगळे अनुदान नाही व ती पॅनेलइतकी वर्षे टिकतही नाही. आपले घर कोणत्या वाहिनीवर आहे, हे लाईनमनला विचारून घ्यावे.

वीजबिलावरील नाव हेही तपासावे. अनेक घरांत मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असतो. अनुदान वीजग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते, म्हणून भाऊबंदांनी एकत्र बसून नावाची दुरुस्ती आधी करून घ्यावी. नदीकाठच्या घरांत इन्व्हर्टर भिंतीवर महापुराच्या खुणेच्या वर बसवावा. गारपिटीविषयी सांगावयाचे तर, पॅनेलची चाचणी साधारणतः २५ मिलिमीटर व्यासाच्या गारेने घेतलेली असते. त्याहून मोठी गार काच फोडू शकते, म्हणून विम्याची चौकशी करावी. ज्वारीच्या मळणीचा भुसा व उन्हाळ्यातील धूळ यांमुळे पॅनेल लवकर मळते. ते सूर्य वर येण्यापूर्वी, थंड असताना धुवावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यास त्याचे पांढरे डाग काचेवर बसतात. तेव्हा असे पाणी वापरल्यास काच मऊ फडक्याने लगेच कोरडी करावी.