घर पाहावे मोजून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी म्हण आपल्याकडे आहे. ती ज्याने केली त्याला लोकलचा पास काढावा लागत नसावा, हे उघड आहे. त्याचे शेत, त्याचे देऊळ, मुलांची शाळा आणि सोयरेधायरे सारे एकाच गावात होते. त्याची काळजी होती ती विटा, चुना आणि गवंडी यांची. आज बदलीचा हुकूम हातात पडलेल्या गृहस्थापुढे घर बांधण्याचा प्रश्नच नसतो. बांधलेली घरे हजारांनी उभी असतात. त्यांतले आपले कोणते, एवढेच त्याला ठरवायचे असते आणि तिथेच त्याची झोप उडते. म्हणून त्या म्हणीत मी थोडी दुरुस्ती सुचवतो : घर पाहावे मोजून. मात्र मोजायचे चौरस फुटांत नव्हे, मिनिटांत. आणि ती मिनिटेही केवळ आपली नव्हेत, तर घरातल्या प्रत्येकाची.

हे शहाणपण मी कोणत्या ग्रंथातून उचललेले नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही कोल्हापूरचे बिऱ्हाड मोडून मुंबईला आलो, तेव्हा ते पदरी पडले. मला माटुंग्याच्या एका महाविद्यालयात जागा मिळाली होती. सौ. बँकेत आहे, तिची बदली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या शाखेत झाली. मुलगी आठवीत जाणार होती, मुलगा तिसरीत, आणि आमचे आप्पा शहात्तर वर्षांचे. पाच माणसे आणि पाच दिशा!

सल्ला द्यायला मात्र सारी मुंबई तयार होती. या शहरात आपल्या उपनगराला वाईट म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. डोंबिवलीकर सांगतो, ‘फास्टने दादर पन्नास मिनिटे!’ घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षाच्या रांगेत किती वेळ जातो, हे तो सांगत नाही. बोरिवलीकर राष्ट्रीय उद्यानाचे गुण गातो. बदलापूरकर हवेची तारीफ करतो. ठाणेकर तलावपाळी आणि गडकरी रंगायतन यांच्यावर थांबतो. पार्लेकर तेवढा काही बोलत नाही, कारण आपल्याला तिथले भाडे झेपणार नाही हे त्याने आधीच ओळखलेले असते.

पण यात नवे काय आहे? आगगाडीच्या पाठोपाठ बिऱ्हाडे हलवणे हा मुंबईच्या मध्यमवर्गाचा जुना कुळाचार आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला, १८९८ मध्ये सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे मोकळ्या, हवेशीर वसाहतींची आखणी झाली. १९२५ साली विजेवर चालणारी पहिली गाडी व्हीटी ते कुर्ला धावली, १९२८ मध्ये वीज बोरिवलीपर्यंत पोचली, आणि गिरगावच्या चाळीतली दोन खोल्यांची बिऱ्हाडे दादर, पार्ले, मुलुंड अशी एकेक स्टेशन पुढे सरकू लागली. खाडीपलीकडे नवी मुंबई उभारण्यासाठी १९७० मध्ये सिडको निघाले. पण वाशीला लोकल पोचली ती १९९२ मध्ये, आणि सामान्य नोकरदाराला ते गाव खऱ्या अर्थाने जवळ आले ते त्यानंतरच. आज लोकल एका बाजूला कसाऱ्यापर्यंत, म्हणजे सुमारे एकशेवीस किलोमीटर जाते, आणि दुसऱ्या बाजूला २०१३ पासून डहाणूपर्यंत. गाडी जाते म्हणून माणूसही जातो. मात्र गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत आपण जाऊन राहावेच, असा नियम कोणी केलेला नाही.

आमच्याच महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याची हकीकत सांगतो. त्यांनी दूरच्या एका उपनगरात प्रशस्त घर घेतले : तीन खोल्या, दोन गॅलऱ्या, खिडकीतून डोंगर. किंमत अशी की ऐकणाऱ्याला हेवा वाटावा. त्यांच्या पत्नी फोर्टमधल्या एका कचेरीत चांगल्या हुद्द्यावर होत्या. सकाळी पावणेसातला निघायचे आणि रात्री साडेआठला परतायचे. मुलाची शाळा दुपारी एकला सुटे. तो शेजारच्या बाईंकडे जेवे आणि तिथेच झोपी जाई. दोन वर्षांत बाईंनी राजीनामा दिला. घर स्वस्त पडले. नोकरी महाग पडली. घराच्या किमतीत त्यांनी जे वाचवले होते ते तिच्या पगारातून कधीच वजा झाले, आणि तो हिशेब कोणी मांडलाही नाही. अशा घरांत नोकरी बहुधा एकाच माणसाची सुटते, आणि तो माणूस कोण, हे माझ्या भगिनी वाचकांना सांगायला नको.

म्हणून आम्ही वही घातली. पाच रकाने, पाच माणसांचे. माझे माटुंगा आणि हिचे कुर्ला ही दोन्ही स्टेशने मध्य रेल्वेवर असल्यामुळे निवड डोंबिवली आणि मुलुंड या दोघांत येऊन ठेपली. डोंबिवलीत जेवढ्या भाड्यात दोन शयनगृहांचे घर मिळत होते, तेवढ्यात मुलुंड पूर्वेला एकाच शयनगृहाचे मिळत होते. शिवाय डोंबिवलीला आप्पांचे कोल्हापूरचे दोन जुने स्नेही राहत होते. पारडे कोणीकडे झुकले होते, हे सांगण्याची गरज नाही.

तेव्हा आम्ही एक केले. घरे रविवारी पाहिली होती. प्रवास मात्र मंगळवारी करून पाहिला. रविवारची मुंबई म्हणजे लग्नाआधी पाहिलेली मुलगी : केस विंचरलेले आणि आवाज मृदू. मंगळवारी सकाळी आठला ती आपल्या खऱ्या रूपात भेटते. डोंबिवलीला महिलांच्या डब्यात पहिल्या गाडीत हिला शिरताच आले नाही. दुसरीत शिरली, आणि उतरेपर्यंत हात वर धरलेला खाली घेता आला नाही. स्टेशनपर्यंतची रिक्षा, गाडीची वाट, गाडी, कुर्ल्याचा पूल, तिथली बसची रांग आणि बस, असे दारापासून दारापर्यंत एकशेदोन मिनिटे लागली. पुढच्या मंगळवारी मुलुंडहून निघालो. दहा मिनिटे चालत स्टेशन, धीमी गाडी, आणि पुढे कुर्ल्याचे तेच सव्यापसव्य. एकूण सत्त्याहत्तर मिनिटे. माझाही फरक जवळजवळ तेवढाच होता. जलद गाडी माटुंग्याला थांबत नाही. डोंबिवलीहून जलद गाडीने आलो तर वाटेत गाडी बदलणे आले, आणि मुलुंडहून धीमी गाडी सरळ नेऊन पोचवते. वेळापत्रकात न दिसणारी ही गोष्ट पायांना रोज कळते.

पंचवीस मिनिटे म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. मी मराठीचा मास्तर, गणितात कच्चा. पण मुलीने वहीत हिशेब मांडला. जाऊन-येऊन पन्नास मिनिटे, महिन्याचे बावीस दिवस, वर्षाचे बारा महिने : दोनशेवीस तास. म्हणजे नऊ दिवस आणि नऊ रात्री. आप्पा म्हणाले, ‘‘अरे, हे तर अख्खे नवरात्र झाले.’’ त्यावर ही म्हणाली, ‘‘हो आप्पा, आणि तेही उभ्याचे!’’

तरीही वाद मिटला नाही. मुलीला स्वतंत्र खोली हवी होती, मला पुस्तकांना भिंत, आणि आप्पांना त्यांचे स्नेही. तेव्हा ही शांतपणे म्हणाली, ‘‘अहो, मोठ्या घरात मी रात्री साडेआठनंतर दिसेन, आणि ती चिडलेली. लहान घरात आठच्या आत येईन आणि पोरांचा अभ्यास घेईन. तुम्हांला यांतली कोणती परवडते ते ठरवा.’’ बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आप्पाच म्हणाले, ‘‘सूनबाई, माझ्या पायांना बाग लागते आणि बसायला एक बाक. मित्र काय, बाकावर नवे मिळतात.’’ म्हातारपणी नवे मित्र मिळवणे किती कठीण असते, हे ते जाणून होते आणि मीही. त्यांनी काय सोडले ते वहीच्या कोणत्याच रकान्यात बसले नाही. पण आम्ही ते विसरलेलो नाही. महिन्यातून एका रविवारी मी त्यांना डोंबिवलीला घेऊन जातो, आणि मेगाब्लॉकचे कारण सांगून तो रविवार टाळत नाही.

माणसांना प्रवासाचा जाच किती होतो, हे शास्त्रज्ञांनीही पाहिले आहे. २००४ साली डॅनियल काह्नेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा तपशील लिहून घेतला. कोणत्या कामात मन किती रमले, या यादीत कामावर जाण्याचा सकाळचा प्रवास अगदी तळाला निघाला. त्या बायकांनी आपली आठ वाजताची लोकल पाहिलेली नव्हती, हे लक्षात घ्यावे! आणि आपल्याकडे प्रश्न केवळ जाचाचा नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या गाड्यांच्या दारांतून माणसे खाली पडली आणि त्यांतली काही प्राणांस मुकली.  स्टेशन किती दूर, याबरोबरच त्या स्टेशनात गाडी किती भरून येते, हेही पाहिले पाहिजे ते यासाठी.

प्रवासाचा हिशेब झाला की वस्तीकडे वळावे. कारण आपण गाडीत असतो तेव्हा घरची माणसे वस्तीत असतात. त्यासाठी दलालाला विचारू नये. दलालाची ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ ही कोणा धावपटूची असतात. इस्त्रीवाल्याला विचारावे, भाजीवालीला विचारावे. पाणी किती वाजता येते आणि टँकर किती वेळा लागतो, हे त्यांना ठाऊक असते. तळमजल्यावरच्या दुकानदाराला पावसाबद्दल विचारावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवशी पाणी कुठवर आले, हे जुना दुकानदार भिंतीवर बोट ठेवून दाखवतो. शाळा भरताना नव्हे, सुटताना पाहावी. रस्ता ओलांडायला मुलाला कोणाचा हात लागतो की नाही, ते तेव्हा कळते. आणि रात्री दहाला एक फेरी मारावी. क्लासहून एकटी परतणारी मुलगी ज्या रस्त्याने बिनघोर चालते, तो रस्ता चांगला.

घर पसंत पडले तरी पहिली अकरा महिने भाड्यानेच राहावे, असे माझे मत आहे. एक पावसाळा, एक परीक्षा आणि एक दिवाळी त्या वस्तीत काढल्याखेरीज तिचा स्वभाव कळत नाही. करार मात्र लेखी आणि नोंदवलेला असावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ते आवश्यकच आहे. पुढे विकत घेण्याची वेळ आली तर महारेराकडे प्रकल्पाची नोंद आहे का आणि चटईक्षेत्र किती, हे तपासून घ्यावे. २०१७ पासून ती सोय झाली आहे.

यावरून मुलुंड श्रेष्ठ आणि डोंबिवली कनिष्ठ, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. माझ्या डोंबिवलीकर वाचकांच्या रोषाला तोंड देण्याची माझी छाती नाही. पती ठाण्याला आणि पत्नी ऐरोलीला नोकरी करीत असेल, तर ठाणे-वाशी मार्ग २००४ पासून सुरू असल्यामुळे डोंबिवलीचे पारडे सहज जड होईल. शिवाय दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून फडके रोडवर जमणारी तरुण मंडळी मुलुंडला कोठून आणणार? एका घराचे उत्तर दुसऱ्या घराला लागू पडत नाही. वही मात्र साऱ्यांना सारखीच लागू पडते. पुण्यात कोथरूडला राहून हिंजवडीला जावे की हिंजवडीलाच राहावे, हा प्रश्नही त्याच पाच रकान्यांनी सुटतो.

आमच्या लहान घरात आता मुलगी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करते, आणि माझ्या पुस्तकांच्या अकरा पेट्या अजून कोल्हापूरला भावाच्या माळ्यावर आहेत. हा तोटा आहे, आणि तो मी खर्चाच्या बाजूला लिहून ठेवला आहे. जमेच्या बाजूला काय, ते ज्याने त्याने आपापल्या घरात पाहावे. ‘बिऱ्हाड’ या शब्दाचे मूळ कानडीत सांगतात, आणि तिथे त्याचा अर्थ उतरण्याची जागा, मुक्कामाचे ठिकाण असा आहे. मुक्काम म्हणजे जिथे प्रवास थांबतो ते ठिकाण. या दिवाळीत जे कोणी नव्या गावी मुक्काम शोधत असतील, त्यांनी पाडव्याच्या दिवशी एक कोरी वही घ्यावी. व्यापारी त्या दिवशी पैशांचा हिशेब मांडतात. आपण मिनिटांचा मांडावा, आणि पहिला रकाना घरातल्या सर्वांत थकलेल्या पायांच्या नावे ठेवावा.