रेझिनांचे रासायनिक विश्लेषण

संश्लिष्ट (कृत्रिम रीतीने बनविलेल्या) रेझिनातील रासायनिक घटक ओळखणे व त्यांचे प्रमाण ठरविणे म्हणजे रेझिन विश्लेषण होय. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकेलाइट बनविले. पुढे अल्किड, एपॉक्सी, ॲक्रिलिक इ. रेझिने रंगलेप, आसंजके (चिकटविणारे पदार्थ) व साचेकाम यांसाठी प्रचारात आली. त्यांत मुख्य बहुवारिकाखेरीज (लहान रेणू जोडून बनलेल्या प्रचंड रेणूखेरीज) विक्रिया न झालेली एकवारिके, दृढीकारके, प्लॅस्टिकीकारके इ. द्रव्ये असतात.

सुटे घटक प्रथम विद्रावकाने वेगळे काढतात. बाष्पनशील घटकांसाठी वायू-वर्णलेखन व इतरांसाठी द्रव-वर्णलेखन वापरतात. स्तंभातून निरनिराळ्या वेगाने पुढे सरकल्यामुळे घटक अलग होतात व एकामागून एक द्रव्यमान वर्णपटमापकात जातात. वायू-वर्णलेखनाच्या जोडीला सामान्यतः ७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने रेणूंचे आयन (विद्युत् भारित कण) व त्यांचे तुकडे बनवितात आणि द्रव्यमान व विद्युत् भार यांच्या गुणोत्तरानुसार ते नोंदवितात. उदा., बिस्फिनॉल-ए या संयुगाचा रेणवीय आयन २२८ वर, तर मिथिल गट निघून गेल्यावर उरणारा आयन २१३ वर आढळतो.

दृढ झालेले रेझिन त्रिमितीय जाळ्यासारखे असल्याने ते विरघळत नाही व वितळतही नाही. म्हणून त्याचा अत्यल्प नमुना अक्रिय वायूत सु. ५००° ते ८००° से. तापमानास क्षणभर तापवून त्याचे अपघटन करतात व उत्पन्न होणारी बाष्पे तपासतात. पॉलिमिथिल मेथॅक्रिलेटापासून बव्हंशी मूळचे एकवारिक परत मिळते; फिनॉलिक रेझिनापासून फिनॉल व क्रेसॉले, तर बिस्फिनॉल-ए पासून बनविलेल्या एपॉक्सी रेझिनापासून फिनॉल व बिस्फिनॉल-ए मिळतात. रंगाच्या कणभर कपचीवरून रेझिनाचा प्रकार कळत असल्याने चित्रांचे जतन व गुन्हा-अन्वेषण यांत ही पद्धत उपयुक्त ठरते.

अपघटनात आढळलेला घटक मूळ पदार्थात सुटा होताच, असे मात्र म्हणता येत नाही; तो जाळ्यात बद्ध असू शकतो. अन्नाच्या डब्यांच्या आतील एपॉक्सी लेपाच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा आहे. कारण अन्नात प्रत्यक्ष किती बिस्फिनॉल-ए उतरते, हे लेप जाळून नव्हे, तर अन्नसदृश द्रवात ठेवून व तो द्रव तपासूनच ठरते. यूरोपीय संघाने २०११ मध्ये अर्भकांच्या पॉलिकार्बोनेट दूधबाटल्यांत या संयुगाच्या वापरास बंदी घातली. डिसेंबर २०२४ मध्ये ती काही अपवाद वगळता अन्नसंपर्कातील प्लॅस्टिके व लेप यांनाही लागू करण्याचा निर्णय झाला.