नायगाव मयूर अभयारण्य

मोरांच्या संरक्षणार्थ राखून ठेवलेले महाराष्ट्रातील एक अभयारण्य. क्षेत्रफळ सु. ३० चौ. किमी. हे बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगराळ भागात वसले असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये १९९४ मध्ये ते घोषित करण्यात आले. हा प्रदेश पर्जन्यछायेत येत असल्याने येथील वनश्री विरळ व काटेरी आहे. बाभूळ, बोर, हिवर, तरवड इ. वृक्ष-झुडपे व मधूनमधून गवताळ माळ असे तिचे स्वरूप आढळते.

मोर (पावो क्रिस्टॅटस) हा १९६३ पासून भारताचा राष्ट्रीय पक्षी असून वरील अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. धान्य, कोवळे कोंब, कीटक, सरडे व लहान साप हे त्याचे भक्ष्य होय. तो रात्री उंच झाडावर बसतो. लांडोर मात्र पावसाळ्यात झुडपांच्या आडोशाला जमिनीवरच अंडी घालते व सु. चार आठवडे उबविते. त्यामुळे उंच झाडे, दाट झुडपे आणि बारमाही पाणी या तिन्ही गोष्टी एकाच परिसरात टिकवाव्या लागतात. उन्हाळ्यात पाणवठे भरलेले ठेवणे, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढणे आणि शिकारीस आळा घालणे ही त्यासाठी आवश्यक कामे होत.

अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान यांत कायद्याने भेद केला आहे. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास पूर्ण बंदी असते. अभयारण्यात चराईचे नियमन वा तिला मनाई करण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकास असतो. अभयारण्याच्या जमिनीवरील लोकांच्या हक्कांची चौकशी जिल्हाधिकारी करतो आणि काही हक्क पुढे चालू ठेवण्याची तरतूदही १९९१ च्या दुरुस्तीने झाली.

बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात या भेदाला विशेष महत्त्व आहे. १९७२, २०१२-१३ व २०१५-१६ अशा दुष्काळी वर्षांत चारा-पाण्याची टंचाई माणसे, गुरे व वन्यपशू या सर्वांनाच जाचते. पावसाळ्यात चरणाऱ्या गुरांच्या पायांखाली जमिनीवरील घरटी तुडविली जातात; उलटपक्षी मोरही पेरलेले बी व कोवळे पीक खातात. बियाण्यास लावलेली विषारी औषधे खाऊन मोर दगावण्याचा धोका असतो. केवळ कुंपण व पहारा यांनी हा प्रश्न सुटत नाही. २००२ च्या दुरुस्तीने अभयारण्यासाठी सल्लागार समितीची तरतूद केली असून तीत पंचायत राज संस्थांच्या प्रतिनिधींना स्थान आहे. परिसरातील ग्रामस्थांच्या सहभागाबाबत सल्ला देणे हे या समितीचे एक कार्य आहे. लहान क्षेत्राच्या अभयारण्यात पक्षी सीमा ओलांडून शेतात सहज जात असल्याने त्यांचे रक्षण भोवतालच्या गावांच्या सहकार्यावर बऱ्याच अंशी अवलंबून राहते.