संगणकातील चोरवाट

चाळीत एकाच टाकीचे पाणी सर्व बिऱ्हाडांना येते. खालच्यांनी नळ सोडला की वरच्यांची धार बारीक होते, हे तुम्ही पाहिलेच असेल. समजा, या दोघांना एकमेकांशी बोलायची सक्त मनाई आहे. तरीही ठरल्या वेळी नळ सोडला तर ‘एक’, बंद ठेवला तर ‘शून्य’, असा संकेत ठरवला की निरोप पोहोचलाच!

अनेकजण एकाच वेळी वापरतात त्या संगणकात नेमके हेच घडू शकते. तेथे टाकीच्या जागी असतो प्रोसेसर. गुप्त फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोणी लबाडी करून ठेवली आहे असे धरा. फाइल दुसऱ्याला देण्यास त्याला मज्जाव आहे. पण तो एका सेकंदात भरमसाट आकडेमोड करतो, दुसऱ्यात स्वस्थ बसतो. शेजारचा प्रोग्रॅम आपले छोटे गणित सुटायला किती वेळ लागला एवढेच मोजतो. उशीर झाला तर १, नाहीतर ०. पहारेकऱ्याला मात्र दोन निरुपद्रवी गणितेच दिसतात! बटलर लॅम्पसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये अशा छुप्या वाटांकडे लक्ष वेधले.

पुढे १९८३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने संगणकांची सुरक्षितता जोखण्याचे निकष प्रसिद्ध केले. मुखपृष्ठाच्या रंगावरून त्यांना ‘ऑरेंज बुक’ म्हणत. त्यात ‘डी’पासून ‘ए-१’पर्यंत श्रेणी होत्या. छुप्या वाटांचा शोध ‘बी-२’पासून, तर वेळेच्या मोजमापावर चालणाऱ्या वाटांचा ‘बी-३’पासून सक्तीचा होता. मात्र सर्व वाटा बुजवा, असा हुकूम नव्हता. साधन सामाईक आहे तोवर ते जवळजवळ अशक्यच. म्हणून वाटेचा वेग मोजायचा. सेकंदाला १०० बिट म्हणजे फार. १ बिटाहून कमी असेल तर बहुतेक ठिकाणी चालेल.

आता गणित करा. २,००० अक्षरांचे पान, प्रत्येक अक्षराला ८ बिट, म्हणजे १६,००० बिट. पहिल्या वेगाने ते १६० सेकंदांत बाहेर जाईल, दुसऱ्याने सुमारे साडेचार तासांत. हायसे वाटले? पण १९७७ च्या अमेरिकन ‘डेस’ या सांकेतिक पद्धतीची किल्ली अवघी ५६ बिटांची होती. सेकंदाला एकच बिट गळला तरी मिनिटाच्या आत किल्ली चोराच्या हाती!

घड्याळात मुद्दाम अनियमितपणा आणला तर? लंबकाच्या प्रयोगात आपण अनेक वाचने घेऊन सरासरी काढतो. चोरही तेच करतो. त्याचा वेग घटतो, वाट बंद होत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ व ‘मेल्टडाउन’ हे प्रोसेसरमधील दोष जाहीर झाले. प्रोसेसरजवळच्या वेगवान स्मृतीतून माहिती किती वेळात मिळते, हे मोजूनच तेथे गुपित ओळखता येत होते. तेव्हा ब्राउझर बनवणाऱ्यांनी तातडीने काय केले? वेबपानांना मिळणारे घड्याळ मुद्दाम ढोबळ करून टाकले.